मसूलचा फ्लास्क

आमच्या इमारतीत दोन गोष्टी पडदे ओढून व्हायच्या. आमच्या घरी गणपती आणि खालच्या घरी पक्ष. दोन्ही घरांना एकमेकांचं ठाऊक होतं, आणि जिन्यात भेट झाली की दोन्ही घरं हवेबद्दल बोलायची. सौदीतल्या जिझानच्या हवेबद्दल खरं तर बोलण्यासारखं काही नसतं, ती बाराही महिने अंगाला चिकटून असते. तरी आई आणि खालची जहराखाला रोज नव्यानं एकमेकींना सांगायच्या की आज फार उकडतंय बाई. हवेबद्दल फार बोलणाऱ्या माणसांचा मला संशय येतो तो तेव्हापासून.

बाबा तिथल्या सरकारी इस्पितळात मधुमेहाचे डॉक्टर होते. आम्ही मूळचे चिपळूणचे, त्यामुळे आई म्हणायची, जिझान म्हणजे पाऊस न पडणारं कोकण. समुद्र होता, सुरमई होती, उन्हाळ्यात आंबे होते, फक्त घराबाहेर काय बोलायचं आणि काय नाही याची एक मोठी यादी डोक्यात ठेवावी लागायची. ती यादी आईनं मला बाराखडीसारखी पाठ करून घेतली होती. शाळेत देवाचं नाव काढायचं नाही. कुणी विचारलं तर सुट्टी आहे म्हणायचं, सण आहे म्हणायचं नाही. मिठाईला मिठाई म्हणायचं, प्रसाद म्हणायचं नाही. गणपती म्हणजे तरी काय, एका वाटीत तांदूळ आणि त्यावर सुपारी. मूर्ती आणताना विमानतळावर पकडली गेली तर नोकरी जायची, पण सुपारी बघून कोण काय म्हणणार? ती वाटी हॉलमधल्या भिंतीतल्या कपाटात बसायची. आरती व्हायची ती ओठातल्या ओठात, घंटा नाही, आणि टाळ्या दोन बोटांनी तळहातावर. बाबांना मूळचाच आवाज कमी, त्यांचं ठीक होतं. आईला मात्र ते फार जड जायचं. आरती संपली की ती स्वयंपाकघरात जाऊन भांडी जोरात आपटायची.

खालच्या मजल्यावर डॉक्टर इद्रीस राहायचे. ते लहान मुलांचे डॉक्टर, जहराखाला त्यांची बायको आणि सलमा त्यांची मुलगी, माझ्याच वयाची, तेरा-चौदाची. ते लाल समुद्राच्या पलीकडल्या आफ्रिकेतल्या एका देशातले. देशाचं नाव मी लिहीत नाही आणि पक्षाचंही नाही. इतकी वर्षं झाली, कोण वाचणार आहे, असं माझा मुलगा म्हणतो, तेही इंग्रजीत. वाचणारे असतात. तोच पक्ष अजून तिथे राज्य करतोय, आणि मी अजून सौदीतच ताइफच्या एका इस्पितळात काम करते, त्या देशातल्या नर्सेसबरोबर. त्या एकमेकींशी बोलत असतात आणि तिसरी कुणी आली की हवेबद्दल बोलायला लागतात. मला लगेच कळतं.

त्या पक्षानं म्हणे डोंगरात राहून वर्षानुवर्षं लढाई केली, उपाशी राहून देश सोडवला, आणि मग खुर्चीवर बसला तो बसलाच. परदेशात गेलेल्या लोकांनाही त्यानं सोडलं नव्हतं. जिथे चार डोकी असतील तिथे पक्षाची शाखा. जिझानची शाखा इद्रीसकाकांच्या हॉलमध्ये भरायची, महिन्यातल्या एका शुक्रवारी, दुपारची नमाज झाल्यावर. सौदीत अशा सभांनाही बंदीच होती, म्हणून पडदे ओढायचे आणि दाराबाहेरच्या चपला उचलून आत घ्यायच्या. भिंतीवर त्यांच्या नेत्याचा फोटो होता, त्याला प्लास्टिकची फुलं वाहिलेली. आई एकदा तो बघून आली आणि बाबांना म्हणाली, "आमच्या देवाला कपाट आणि या बाप्याला हार." आमच्या हॉलमधल्या एसीच्या चौकटीला फट होती. सभेच्या दिवशी एसी बंद केला की खालचं गाणं वर यायचं, सगळे मिळून हळू आवाजात म्हणत असलेलं, आमच्या आरतीसारखंच घशात अडकलेलं.

आता त्या सभेची रीत सांगते, कारण सगळं रामायण तिच्यामुळेच घडलं. गाणं झालं, बातम्या झाल्या की प्रत्येकानं उभं राहून आपली स्वतःची एक चूक सांगायची, आणि मग सभेतल्या दुसऱ्या कुणाची तरी एक. डोंगरातल्या दिवसांपासूनची चाल म्हणे. आधी आपली, मग दुसऱ्याची, असा क्रम ठरलेला. माझी काही चूक नाही म्हणणारा अहंकारी, आणि दुसऱ्याची चूक दिसली नाही म्हणणारा त्याला पाठीशी घालतोय. आता दर महिन्याला नवी चूक आणायची कुठून? मग लोकांनी त्यातून वाट काढली होती. आदल्या दिवशी ठरवून घ्यायचे, तू माझं सांग की मी उशिरा आलो, मी तुझं सांगतो की तू सिगरेट फार ओढतोस. बिनविषारी दोषांची देवाणघेवाण. सलमानं हे मला गच्चीवर कपडे वाळत घालताना सांगितलं तेव्हा मला हसू आवरेना. ती हसली नाही. तिला हसण्यासारखं काय आहे तेच कळलं नाही.

जहराखालाला दोष सुचायचे नाहीत, बाई स्वभावानं भोळी. आणि वरच्या मजल्यावर साक्षात आमची आई. दोष काढायला आईचा हात धरणारं माणूस मी आजवर पाहिलेलं नाही. आलेल्या पाहुण्याची पाठ वळली की त्याच्या मोज्यापासून सुरुवात. त्यामुळे सभेच्या आदल्या दिवशी जहराखाला चिनीमातीच्या बशीत खजूर घेऊन वर यायची आणि स्वयंपाकघरात पाटावर बसायची. तिला हिंदी सिनेमे बघून बरंच हिंदी यायचं, आईला बाजारापुरतं अरबी, त्यातून त्यांचं झकास चालायचं. "दीदी," ती म्हणायची, "कोई छोटा सा दोष दे दो." आणि आई आमटीला फोडणी घालता घालता द्यायची. त्या लॅबवाल्याला सांग, तो लिफ्टचं दार उघडं टाकतो. त्या गोऱ्या बाईला सांग, ती फोनवर फार मोठ्यानं बोलते. जाताना जहराखालाच्या त्याच बशीत काहीतरी घालून द्यायची, चकली, लाडू, काही नाही तर चार आमसुलं. भांडं रिकामं परत पाठवायचं नाही हा आईचा नेम. परक्या मुलखात तर तिनं तो जास्तच कडक केला होता.

मग इद्रीसकाकांनी तो प्रश्न विचारला. सभेत बातम्या चालू असताना त्यांनी उभं राहून विचारलं की पक्षानं कबूल केलेलं मतदान कधी होणार. इतकंच. आवाज न चढवता, जसं बाळाला ताप कधीपासून आहे हे विचारावं तसं. एसीच्या फटीतून आम्हाला फक्त ती शांतता ऐकू आली. बाबा वाचत होते, त्यांनी वर्तमानपत्र खाली केलं. पुढच्याच आठवड्यात इद्रीसकाकांचा पासपोर्ट नूतनीकरणासाठी जेद्दाच्या वकिलातीत जायचा होता, तो अडकला. तिकडचा शिक्का शाखेच्या शब्दाशिवाय मिळत नसे. पासपोर्ट नाही तर इकामा नाही, म्हणजे इथे राहायचा परवाना नाही. इकामा नाही तर इस्पितळ ठेवून घेणार नाही. आणि मग एकच विमान उरतं, घरी जाणारं. घरी गेल्यावर काय होतं हे सलमाच्या मामाला विचारता आलं असतं, पण तो कुठल्या तुरुंगात आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. इकामा संपायला फार दिवस उरले नव्हते. इद्रीसकाका दर गुरुवारी संध्याकाळी वर येऊन बाबांशी बुद्धिबळ खेळायचे, ते तेव्हाही येत राहिले, पण घोडा हातात धरून नुसते बसायचे.

त्या महिन्याच्या सभेला जहराखालावर पाळी आली ती नवऱ्याची चूक सांगायची. मसूलनं तसा निरोपच पाठवला होता. मसूल म्हणजे शाखेचा जबाबदार माणूस. त्याला सगळे मसूलच म्हणायचे. खरं नाव बाबांना माहीत होतं, कारण तो त्यांचा पेशंट होता, पण बाबा पेशंटची नावं घरात काढत नसत. जहराखाला वर आली तेव्हा तिच्या हातात खजुराची बशी नव्हती. ती म्हणाली, छोटं सांगितलं तर म्हणतील नवऱ्याला झाकते, मोठं सांगितलं तर त्याला गिळतील, दीदी, काय सांगू? आई थोडा वेळ कणीक मळत राहिली. मग म्हणाली, "सांग की घरात लक्ष नाही त्याचं, गुरुवारी वर जाऊन बुद्धिबळ खेळत बसतो, मुलीचा अभ्यास घेत नाही. कुठल्याही बाईची तक्रार आहे ती. त्यात कोण काय काढणार?" जहराखालानं आईचे पिठाचे हात हातात घेतले. मलाही वाटलं, आई हुशार आहे.

काढायचं ते त्यांनी काढलंच. बुद्धिबळ दर गुरुवारी? परदेशी माणसाकडे? दार लावून? आणि खेळताना काय बोलता? आईनं दिलेला बिनविषारी दोष आमच्याच दारात फणा काढून उभा राहिला. सलमा म्हणाली, मसूल चौकशी करायला तुमच्याकडे येणार आहे. तो ज्याचं नाव खोडेल त्याचा पासपोर्ट संपला. बाबा जेवताना म्हणाले, "दोष काय वाटण्याची गोष्ट आहे का गं? हळदीकुंकू आहे?" आईनं त्यांच्या ताटात भात वाढला आणि काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा मला भीती वाटते, अजूनही.

मसूल कसा होता ते सांगते. गावात त्याचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान होतं. उंच, वाळकुडा, शर्ट नेहमी इस्त्रीचा आणि नखात ग्रीस. खांद्याला एक निळ्या पट्ट्याचा स्टीलचा फ्लास्क कायम अडकवलेला, आणि त्यात साधं पाणी. पक्षाच्या कामावर असताना परक्याच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, हा डोंगरातला नियम तो जिझानच्या उकाड्यात पाळायचा. कुणाच्याही घरी गेला की सगळ्यांसमोर फ्लास्कचं झाकण काढून त्यातलं पाणी प्यायचा. ती त्याची ऐट होती आणि लोक त्याला त्यामुळेच घाबरायचे. ज्याला चहा पाजता येत नाही त्या माणसाशी बोलायचं कसं?

तो आला तो नेमका चतुर्थीच्या दिवशी, आणि तेही आमची आरती चालू असताना. बेल वाजली तशी आईनं कपाटाचं दार लोटलं. आत निरांजन पेटलेलंच राहिलं. बाबांनी कपाळावरचं कुंकू बाहीनं पुसलं आणि दार उघडलं. मसूलनं सलाम केला, बूट काढले, आणि बसला तो बरोबर कपाटासमोरच्या खुर्चीवर. बाबांशी तो इंग्रजीत बोलायला लागला, तब्येतीचं, साखरेचं, आणि मग वळून वळून बुद्धिबळाचं. मी कोपऱ्यात पुस्तक उघडून बसले होते आणि एकच विचार करत होते, कपाटाच्या दाराला आतून निरांजन लागलं तर? थोड्या वेळानं तुपाच्या वातीचा वास यायला लागला. मसूल बोलता बोलता थांबला. त्यानं नाकानं हवा ओढली, कपाटाकडे पाहिलं, चांगलं निरखून पाहिलं.

"काहीतरी जळतंय," तो अरबीत म्हणाला.

"भात लागलाय," आई आतून म्हणाली, आणि पदर खोचून बाहेर आली. तिच्या हातात मोदकांचं ताट होतं. ताट टेबलावर ठेवून ती कपाटाला पाठ लावून उभी राहिली. मसूलनं ताटाकडे बघून फ्लास्क उघडला आणि पाणी प्यायला.

मग त्यानं बाबांना सरळच विचारलं. तुम्ही त्यांचे मित्र आहात, डॉक्टर. मित्रालाच माणूस कळतो. डॉक्टर इद्रीसमध्ये तुम्हाला काय दोष दिसतो? बाबांनी चष्मा काढला. माझे बाबा सज्जन होते पण भित्रे होते, आणि मागच्या कपाटात आमची नोकरी जळत होती. ते तोंड उघडणार तेवढ्यात आई म्हणाली, "विजे, त्यांना विचार, यांच्या सभेत पद्धत काय आहे? आधी कुणाची चूक सांगतात?"

मी आईकडे बघितलं. असलं अरबीत कसं विचारायचं? घाबरत घाबरत विचारलं. मसूल म्हणाला, आधी आपली.

"मग म्हणावं, आधी तुमची सांगा. आमच्या घरात बसलाय, पाहुणे आहात, पहिला मान तुमचा."

मी ते तसंच सांगितलं, फक्त 'म्हणावं' काढून. मला वाटलं आता संपलं. मग त्याचा चेहरा हळूहळू सैल झाला आणि तो चक्क हसला, एका बाजूनं, दात न दाखवता. बाबांकडे वळून म्हणाला, "माझी चूक? मी तुमच्याशी खोटं बोलतो, डॉक्टर. तुम्ही दर वेळी विचारता, गोड बंद केलं का, आणि मी हो म्हणतो. दुकानाच्या गल्ल्यात हलव्याचा डबा असतो. रोज खातो. डोंगरात कितीतरी वर्षं साखर बघितली नव्हती." हे त्यानं असं सांगितलं की बाबांच्या तोंडून हसू फुटलं. आणि आईनं, जणू याचीच वाट बघत होती तसा, एक मोदक बशीत घेऊन त्याच्यापुढे धरला. "आज खा म्हणावं. एक खा. डॉक्टर समोरच आहे."

त्यानं बशी घेतली. मी बघितलेलं आहे, म्हणून सांगते, तो मोदक त्यानं लहान मुलासारखा खाल्ला, तळहात खाली धरून, खोबरं सांडू नये म्हणून. मग दुसरा खाल्ला. हे कशाचं, ते कशाचं, विचारत बसला. नारळ त्याच्या गावात नव्हता. त्याची आई तिळाचं काहीतरी करायची. तेवढा वेळ तो मसूल नव्हता, कुणाचातरी मुलगा होता. बुद्धिबळाचं त्यानं पुन्हा काढलं नाही. उठताना कपाटाकडे एकदा बघून बाबांना हळूच म्हणाला, "डॉक्टर, तुमचा भात जास्त लागू देऊ नका," आणि गेला. आईनं कपाट उघडलं तेव्हा दाराची आतली बाजू काळी झाली होती. बाबा खुर्चीत बसून राहिले. फ्लास्क टेबलाखाली होता.

तो विसरला, आणि परत मागायला आला नाही. येणार कसा? त्याला बरोबर ठाऊक होतं कुठे राहिलाय ते, आणि मागायचा म्हणजे ते कुणापुढे तरी बोलावं लागणार. बाबा म्हणाले, मी दुकानावर नेऊन देतो. आई म्हणाली, "तुम्ही कशाला? सभा खालीच आहे, जहरा देईल." तिनं फ्लास्क घासला, पालथा घातला, आणि सभेच्या दिवशी सकाळी त्यात काठोकाठ कोकमाचं सरबत भरलं, साखर नेहमीपेक्षा जास्त घालून. झाकण घट्ट लावलं आणि माझ्या हातात दिला. "जा, जहराखालाकडे दे. म्हणावं, मसूल विसरून गेले. आणि सांभाळून ने, उघडू नको, सांडेल."

मी नेऊन दिला. जहराखालानं तो कानाशी हलवला. पाणी आहे का, म्हणाली. मी म्हटलं, नाही, कोकम आहे, आम्ही रिकामं भांडं परत देत नाही. तिला ते माहीतच होतं. ती फ्लास्ककडे बघत उभी राहिली, मग माझ्याकडे बघितलं, आणि तो नेत्याच्या फोटोखालच्या फळीवर न ठेवता आतल्या खोलीत घेऊन गेली.

पुढचं मी निम्मं फटीतून ऐकलं आणि निम्मं सलमानं जिन्यात सांगितलं. गाणं झालं. बातम्यांच्या आधी मसूल उभा राहिला आणि म्हणाला, मी वर जाऊन चौकशी केली. बुद्धिबळ हे बुद्धिबळच आहे, दोन म्हातारे डॉक्टर आहेत, बोलण्यासारखं काही नाही. इद्रीसचे कागद या आठवड्यात जेद्दाला जातील. मी तिथे पाणीसुद्धा घेतलं नाही. एवढं बोलून तो बसला. म्हणजे झालं होतं. जे हवं होतं ते मिळालं होतं. पण मग चुका सांगायची फेरी आली, आणि जहराखालाची पाळी आली, आणि ती आत जाऊन फ्लास्क घेऊन आली. सलमा म्हणाली, आई काही फार बोलली नाही. मसूल, तुमचा फ्लास्क वर राहिला होता, एवढंच म्हणाली, आणि झाकणात ओतला. लालभडक कोकम. एका माणसानं बोट बुडवून चाटलं आणि म्हणाला, गोड आहे.

वर आम्हाला खुर्च्या सरकल्याचा आवाज आला, मग कुणीतरी एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होतं. तो मसूलचा आवाज होता. तो काय सांगत होता ते मला कळलं नाही, त्यांची भाषा मला येत नव्हती. आई एसीच्या खाली बसून शेंगा सोलत होती. तिचे हात थांबले नाहीत.

इद्रीसकाकांचे कागद गेले आणि शिक्का होऊन आले. इकामा वाढला. शाखेला नवा मसूल आला, तो जाडा होता आणि सगळ्यांकडे चहा प्यायचा. जुन्या मसूलला प्रशिक्षणासाठी म्हणून घरी बोलावलं, आणि तो गेला, कारण न जाऊन करणार काय, त्याचाही पासपोर्ट कुणाच्या तरी कपाटात होताच. दुकानाला कुलूप लागलं. पुढे कधीतरी बाबांनी इद्रीसकाकांना विचारलं की त्याचं काय झालं. काकांनी बोर्डावरचं प्यादं उचललं आणि बाजूला ठेवलं. "खलास," म्हणाले. बाबा नंतर कितीतरी दिवस जेवताना मध्येच म्हणायचे, "तिथे त्याला इन्शुलिन देत असतील का गं?" गुरुवारचं बुद्धिबळ हळूहळू बंद झालं, कुणी बंद केलं असं नाही. जहराखाला दोष मागायला पुन्हा वर आली नाही. जिन्यात भेटली की म्हणायची, आज फार उकडतंय, दीदी. दोघींना आता एकमेकींचं बळ कळलं होतं. वर्षभरात ते लोक दुसऱ्या देशात गेले. सलमानं जाताना मला काचेच्या बांगड्या दिल्या आणि पत्ता दिला नाही.

मी आयुष्यभर आईवर संशय घेत आले. नेमानं भरला तिनं तो फ्लास्क, की ठरवून? पाणी भरलं असतं तरी नेम पाळला गेला असता. खजूर पाठवता आले असते. बाबांनी एकदा विचारलं होतं तिला, माझ्यासमोरच, तू मुद्दाम केलंस का? ती म्हणाली होती, रिकामं भांडं कसं परत द्यायचं? तो विषय तिथेच मिटला. बाबा आता नाहीत. आई यंदा माझ्याकडे ताइफला आहे, तीन महिन्यांच्या व्हिसावर, आणि थंडी आहे म्हणून कुरकुरते आहे. परवा आमच्या वॉर्डातली त्या देशातली तरुण नर्स माझ्याकडे रजा मागायला आली. जेद्दाला जायचंय, पासपोर्टचं काम आहे. सभा आता मोबाइलवर होतात म्हणाली. मी विचारलं, आणि चुका? ती दचकली. मला कसं माहीत, म्हणून माझ्याकडे बघत राहिली, आणि मग खिडकीबाहेर बघून म्हणाली, आज वारा फार आहे ना, डॉक्टर.

घरी आले. आई भाजी निवडत होती. मी पर्स न ठेवताच विचारलं, "आई, तो फ्लास्क तू मुद्दाम भरलास ना?"

कुठला फ्लास्क, असं तिनं विचारलं नाही. मेथीची काडी मोडली आणि म्हणाली, "माझ्या घरात येऊन दोष मागत होता. तुझ्या बाबांच्या तोंडून निघाला असता, इद्रीसचा. मी दिला. त्याचाच दिला."

तेव्हा मी तिला ते सांगितलं, जे सलमानं मला जिन्यात सांगितलं होतं आणि मी इतकी वर्षं पोटात ठेवलं होतं. मसूलनं आधीच इद्रीसकाकांना सोडलं होतं. सभेच्या सुरुवातीलाच, सगळ्यांसमोर. कपाटाचंही तो कुणाला बोलला नव्हता. फ्लास्कची गरजच नव्हती.

आईचे हात थांबले. सगळी मेथी पुढ्यात तशीच पडली.

"मग जहरानं तो बाहेर का काढला?" तिनं विचारलं.

"तिला मसूलचं खरं वाटलं नाही."

आईनं खाली बघून पुढची जुडी सोडवली.

"मलाही वाटलं नसतं," ती म्हणाली.